सातव्या होलापलीकडचा म्हसोबा

तुमच्या क्लबाच्या दारात डाव्या हाताला जी पितळी पाटी आहे, ती खोटी आहे. ती लावली त्या दिवशीच तुम्हाला हे माहीत होतं. तुम्ही शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले, माइक हातात आला की गोड बोलणारे. भरल्या सभागृहात आमच्या डोळ्यांदेखत तुम्ही खोटं बोललात आणि वर टाळ्या घेतल्या. तुमचं नाव मी इथं घेत नाही. भीती वाटते म्हणून नाही. नाव घेतलं की तुम्ही वकील घेऊन याल, आणि गोष्ट नावापाशीच अडून बसेल. मला ती पुढं न्यायचीय.

सोमवारी मैदान बंद असायचं, तरी त्या सोमवारी तुम्ही आम्हा सगळ्या कॅडींना, साहेबांच्या गोल्फच्या बॅगा वाहणाऱ्यांना, बोलावलं होतं. टेम्पो आला. खोकी उतरली. खोक्यांतून तीन चाकांच्या, दांडीला मूठ असलेल्या गाड्या निघाल्या. मधल्या सांगाड्यावर गोल्फची बॅग उभी करायची, पट्ट्यानं आवळायची आणि ढकलत चालायचं. शेडमधून आम्ही माना लांब करून बघत होतो.

"आयला, ही तर बाबागाडी!" पितांबर म्हणाला. आमच्यातला सगळ्यात तोंडाळ. चाळिशी उलटली होती, पण जीभ अजून पोरवयातली. "गाडी आली, बाळ कुठाय?"

तेवढ्यात सभासदांतले भडकमकर साहेब पोट सावरत येताना दिसले. पितांबरानं नुसती भुवई उडवली, आणि आम्ही पदराआड, टोपीआड हसून घेतलं.

मग तुम्ही आलात. म्हणालात, "घाबरून जाऊ नका. जगभर आता खेळाडू स्वतःची गाडी स्वतः ढकलतात. आरोग्याला चांगलं असतं. आपण एक महिना बघू. सभासदांची चालण्याची स्पर्धा ठेवलीय. ज्याच्या पावलं मोजणाऱ्या घड्याळात महिन्यात जास्त चालणं भरेल, त्याला ढाल."

"आणि आमचं काय, साहेब?" मी विचारलं.

"कॅडी ठेवायचे की नुसत्या गाड्या, ते महिन्याच्या शेवटी कमिटी ठरवेल. तोपर्यंत तुम्ही नेहमीसारखे या. सभासदांना मदत करा."

"मतदान होणार का?"

"कमिटी ठरवेल," तुम्ही म्हणालात आणि घड्याळाकडं बघितलंत.

हे मैदान म्हणजे हिंगणवाडीचं गायरान. आमच्या सासऱ्यांनी तिथं शेरडं चारली. तुम्ही तिथं हिरवळ लावली, कुंपण घातलं, आणि गावाला बदल्यात बिल्ले दिले. छातीवर लावायचे, नंबर असलेले, कॅडीचे बिल्ले. निम्म्या गावाची चूल त्या बिल्ल्यांवर पेटायची. माझा बिल्ला माझा नव्हता, नवऱ्याचा होता. उत्तमच्या डोळ्याला बॉल लागला, डोळा गेला, आणि क्लबानं माणुसकी म्हणून त्याचा बिल्ला माझ्या छातीवर लावला. बाई कॅडी मी एकटीच. पहिले सहा महिने मला कुणी साहेब बॅग देईना. मग देऊ लागले, कारण मी बॉल हरवू देत नव्हते. तो बिल्ला गेला असता तर मला पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर खुरपं घेऊन जावं लागलं असतं, आणि ते मला करायचं नव्हतं. एवढं साधं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. उत्तम म्हणाला, "कुशी किती बदलतीस? गोधडी फाटंल."

"कमिटीत मतं कुणाकुणाची?"

"गेनूभाऊला विचार. त्येला समदं ठावं असतं."

गेनूभाऊ खैरे म्हणजे कॅडींमधला सगळ्यात जुना माणूस. मैदान झालं तेव्हापासूनचा. शरीरानं वाळक्या शेंगेसारखा, पण चालायला लागला की जवान गडी मागं पडायचा. भडकमकर साहेबांची बॅग कायम त्यांच्याकडं. आणि भडकमकर साहेब कमिटीत होते.

गेनूभाऊंनीच मला धंदा शिकवला. त्यातली एक गोष्ट सांगितली नाही तर पुढचं कळणार नाही. साहेबाचा बॉल झुडपात गेला, मुळापाशी अडकला, आणि साहेबानं इकडंतिकडं बघून बुटाच्या टोकानं तो हळूच मोकळ्यावर घेतला, की कॅडीनं आभाळाकडं बघायचं. घार असली तर घार बघायची, ढग असला तर ढग. काही नसलं तर नुसतं निळं बघायचं. दुसऱ्या साहेबानं विचारलं, 'बॉल इथंच होता का?' की म्हणायचं, 'इथंच होता, साहेब.' मी नवी असताना एकदा वर बघायचं सोडून खाली बघितलं. खाली बूट होता, बुटाला बॉल लागलेला होता, आणि मी हसले. त्या साहेबानं पुन्हा मला बॅग दिली नाही.

"मान मोडली का तुझी?" गेनूभाऊ मला म्हणाले होते. "वर बघायला काय पैसं पडत्यात?"

"पण खोटं आहे ना ते."

"बोललं तर खोटं, कला. बघितलंच न्हाई तर कसलं खोटं?"

स्पर्धा सुरू झाली. पहिल्या सकाळी भडकमकर साहेब नवी गाडी ढकलत पहिल्या चढापर्यंत गेले आणि झाडाला टेकून उभे राहिले. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. मी मागच्याच टोळीत होते, सगळं ऐकू येत होतं.

"गेनू, डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय."

"चांगलं हाय की, साहेब."

"काय चांगलं? ही बघ, ही बायकोनं घेऊन दिलेली बेडी." त्यांनी मनगटावरचं काळं घड्याळ दाखवलं. "रात्री जेवायच्या आधी ती यात बघते. किती चाललो ते सगळं यात येतं. कमी भरलं तर भात बंद."

"मग आता?"

साहेबांनी पट्टा सोडला. "मग आता तू चाल."

गेनूभाऊ हसले. साहेबही हसले. घड्याळ गेनूभाऊंच्या मनगटावर गेलं, बॅगेची गाडी गेनूभाऊंच्या हातात गेली, आणि साहेब बॅटरीच्या गाडीत जाऊन बसले. त्या गाडीत चार माणसं बसायची, वर छप्पर होतं. साहेब बॉलपाशी उतरायचे, फटका मारायचे, परत बसायचे. गेनूभाऊ मागून उन्हात गाडी ढकलत.

चार दिवसांत सगळ्या मैदानावर तेच. साहेब गाडीत, घड्याळ कॅडीच्या हातात. माझ्याही हातात एक आलं. पितांबराकडं दोन साहेबांची दोन, दोन्ही मनगटांवर. तो हात वर करून म्हणायचा, "बघा, वैनी, बांगड्या भरल्या. आता ओटी भरा."

खरं चालणारी एकटी डॉ. नगरकरबाई. बारीक चणीची, साठीच्या पुढची. स्वतःची गाडी स्वतः ढकलायची, धापा टाकायची, थांबायची, परत चालायची. कधी कधी अठरातले नऊच होल झाले की घरी जायची. तिच्यामागून मी जाताना तिनं एकदा माझं मनगट बघितलं. गाडी ढकलत पुढं गेली. मला वाटलं होतं, बोलेल.

आमच्यात मात्र वेगळाच खेळ रंगला होता. दुपारी शेडमध्ये भाकरी सोडायच्या आधी घड्याळं बघायची. "माझा साहेब पुढं!" "जा रं, माझा साहेब काल दोन फेऱ्या चालला." साहेब एसीत झोपलेले, आणि आम्ही त्यांच्या चालण्यावरून भांडतोय. बॉल आणायला मी सरळ न जाता लांबून जायला लागले. पितांबर उगाच मैदानाला वळसे मारायचा. गेनूभाऊंना काही करावंच लागत नव्हतं. ते मुळातच जास्त चालायचे.

कारण गेनूभाऊंचा म्हसोबा होता. सातव्या होलाला पहिला फटका जिथून मारतात त्या उंचवट्यामागं ओढा आहे. ओढ्यापलीकडं चढण, चढणीवर बाभळ, बाभळीखाली शेंदराचा दगड. गायरानाचा राखणदार. तो खैऱ्यांच्या घराण्याकडं. कुंपण झालं तेव्हा दगड आत राहिला आणि खैरे बाहेर. गेनूभाऊ कॅडी झाले ते त्या दगडासाठी, असं गावात म्हणायचे. सातव्या होलाशी आले की ते साहेबांना म्हणायचे, "आलोच," बॅग ठेवायचे, चपला काढायचे, ओढ्यात उतरायचे. खिशात शेंदराची पुडी. बोट टेकवायचं, कपाळ टेकवायचं, परत यायचं. साहेब लोक तेवढ्यात थर्मासमधला चहा प्यायचे. ओढ्याच्या अलीकडून एक पाऊलही कुणी कधी पुढं टाकलं नाही. बुटाला चिखल लागतो.

मी एकदा त्यांना तिथंच गाठलं. आम्ही दोघं ओढ्याच्या काठाला उभे होतो.

"गेनूभाऊ, मला हे बरं वाटत न्हाई."

"काय?"

"ही घड्याळं. आपण चालायचं आणि ढाल त्यांनी न्यायची."

"अगं, ढाल काय भाजून खायचीय आपल्याला? साहेबाचं मत हाय कमिटीत. काल म्हणले, गेनू, तुझ्यामुळं माझी अब्रू राहिली घरात. मी हाय तवर तुमच्या बिल्ल्यांना हात लावू देत न्हाई."

"असं म्हणले?"

"म्हसोबासमोर खोटं बोलीन का? आणि ऐक, गंमत ऐक. काल बाईसाहेबांनी घड्याळ बघितलं, म्हणल्या, एवढं चाललात, पाय दुखत असतील. स्वतः बसून साहेबाच्या पायाला तेल चोळलं." गेनूभाऊ हसता हसता खोकायला लागले. "चाललो मी, तेल साहेबाच्या पायाला!"

मी पण हसले. हसू आलंच. पण त्यांच्या पायांकडं लक्ष गेलं. घोटे सुजून गुळाच्या ढेपेसारखे झाले होते.

"तुमच्या पायाला कोण चोळतंय?"

"म्हसोबा," ते म्हणाले आणि ओढ्यात उतरले.

महिना सरला. शेवटच्या रविवारी संध्याकाळी बक्षीस समारंभ. तुम्ही निरोप पाठवलात, कॅडींनीही यावं. आम्ही सभागृहाच्या आत कधी गेलो नव्हतो. आमची वाट स्वयंपाकघराच्या मागून शेडपर्यंत. गेनूभाऊ म्हणाले, "आत बोलावलं म्हणजी गोड बातमी हाय." पितांबरानं इस्त्रीचा शर्ट घातला. मी लुगडं नेसले नाही, लग्नातली साडी नेसले. उत्तमनं एका डोळ्यानं बघितलं आणि म्हणाला, "बिल्ला लाव की त्याच्यावर." लावला.

आम्हाला मागच्या भिंतीला उभं केलंत. पुढं खुर्च्या, खुर्च्यांवर सभासद आणि त्यांच्या बायका. आमच्या मनगटांवरची घड्याळं दुपारीच परत गेली होती. भडकमकर साहेब पहिल्या रांगेत, घड्याळ त्यांच्या हातात, बाही मुद्दाम वर सारलेली. गेनूभाऊ माझ्या शेजारी. त्यांच्या काळ्या मनगटावर पट्ट्याची पांढुरकी रेघ उठली होती. मला ती सारखी दिसत होती. माझा एक पाय दुसऱ्यावर, दुसरा पहिल्यावर. उभं राहवत नव्हतं.

तुम्ही माइक घेतलात. आरोग्यावर बोललात. स्वावलंबनावर बोललात. मग सगळ्यांचं चालणं शेवटून वाचायला लागलात. शेवटचा नंबर डॉ. नगरकरबाईंचा. लोक हसले. बाईही हसल्या, पण मान खाली घालून.

"आणि पहिले," तुम्ही म्हणालात, "आपले लाडके, श्रीयुत भडकमकर!"

टाळ्या. साहेब उठले, वाकले. तुम्ही म्हणालात, "थांबा, थांबा. हे नुसतं अंतर नाही. या घड्याळाची गंमत अशी की ते वाटसुद्धा आखतं. आपले भडकमकर साहेब नेमके कुठं कुठं चालले ते आपण बघू."

पडद्यावर मैदान आलं. वरून दिसणारं, घारीला दिसेल तसं. हिरव्यावर एक पिवळी रेघ पळायला लागली. पहिला होल, दुसरा, तिसरा. घड्याळ वाटही आखतं हे आम्हाला तेव्हा कळलं. भडकमकर साहेबांनाही तेव्हाच कळलं असावं, कारण त्यांचा हात बाहीकडं गेला.

रेघ सातव्या होलाशी आली. तिथून मागं वळली. ओढ्यात उतरली. चढण चढली. बाभळीपाशी थांबली. तिथं एक जाड ठिपका झाला. मग ती आल्या वाटेनं परत आली.

गेनूभाऊंच्या कोपराला मी चिमटा काढला. त्यांनी बघितलं होतं. आमच्या सगळ्या भिंतीनं बघितलं होतं. पितांबर पुटपुटला, "म्हसोबा आला की रं पडद्यावर."

रेघ शेवटचा होल संपवून सभागृहाकडं न येता स्वयंपाकघराच्या मागं गेली आणि कॅडीशेडमध्ये जाऊन बसली. हे तुम्ही बघितलंत. तुम्ही पटकन पडदा बंद करायला सांगितलंत. म्हणून मी म्हणते, तुम्हाला माहीत होतं.

मी हात वर केला नाही, परवानगी मागितली नाही. भिंतीपासून सुटले आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं पुढं आले.

"साहेब, एक इचारायचं होतं."

"नंतर, बाई, नंतर," तुम्ही म्हणालात.

"भडकमकर साहेबांनाच इचारते. साहेब, तुम्ही म्हसोबाला कशाला गेला होता?"

वर पंखा करकरत होता. भडकमकर साहेबांच्या बाई नवऱ्याकडं बघायला लागल्या. साहेबांनी बाही घड्याळावर ओढली. त्या क्षणी मला वाटलं, झालं. आता ते म्हणतील, गेनू चालला. म्हणायला काय लागतं? दोन शब्द.

मग तुम्ही हसलात. किती छान हसलात! म्हणालात, "भडकमकर साहेब, कमाल केलीत! एवढे भाविक आहात, आम्हाला कधी बोलला नाहीत! स्थानिक श्रद्धेचा मान राखून, ओढा ओलांडून रोज देवाला जाणारा सभासद आपल्यात आहे. मित्रांनो, टाळ्या!"

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी हात जोडले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर भाविकपणा आलासुद्धा.

"खोटं आहे," मी म्हणाले. "तिथं साहेब कधीच गेले न्हाईत. त्यांना दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेसुद्धा सांगता येणार न्हाई. गेनूभाऊ, तुम्ही सांगा. पुढं या."

तुम्ही माइक खाली केला नाहीत. उलट आणखी गोड झालात. "हो, गेनू, तूच सांग. तू तर रोज सोबत असतोस. म्हसोबाला कोण जातं? भडकमकर साहेबच ना?"

गेनूभाऊ भिंतीपासून दोन पावलं पुढं आले. भडकमकर साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. तसलं बघणं मी मैदानावर शंभरदा बघितलंय. बूट बॉलला लागल्यानंतरचं बघणं.

आणि गेनूभाऊंनी मान वर केली.

सभागृहाला आभाळ नव्हतं. छत होतं, त्याला पंखा होता. ते पंख्याकडं बघत राहिले.

"साहेबच जात्यात," ते म्हणाले. "मी अलीकडं असतो. बॅगेपाशी."

हशा झाला, टाळ्या झाल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "बाईला बसवा." बसवायला खुर्ची नव्हती, म्हणून भिंतीपाशी नेलं.

त्याच टाळ्यांवर तुम्ही तुमचं पुढचं वाक्य चढवलंत. ते मला पाठ आहे. "या स्पर्धेनं एक गोष्ट सिद्ध झाली. आपले सभासद, अगदी साठी-सत्तरीतलेसुद्धा, कुणाच्याही मदतीशिवाय, स्वतःची गाडी स्वतः ढकलत, एवढं अंतर चालू शकतात. आकडे समोर आहेत. तेव्हा कमिटीनं एकमतानं ठरवलंय की पुढच्या महिन्यापासून मैदानावर कॅडींची गरज राहणार नाही. हिंगणवाडीच्या बंधुभगिनींनी आजवर जी सेवा दिली..."

पुढं सेवेचं काहीतरी होतं. प्रत्येकाला एक नारळ होता.

एकमतानं. हा शब्द ऐकून गेनूभाऊंनी पंख्यावरून नजर काढली आणि पहिल्या रांगेकडं बघितलं. भडकमकर साहेब ढाल न्याहाळत होते.

आम्ही बाहेर आलो. वडाच्या पारावर पितांबरानं नारळ आपटला, फुटला नाही, परत आपटला. मी गेनूभाऊंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"का?"

"मला वाटलं, मत व्हायचंय अजून."

"काय?"

"तू इचारलंस तवा कमिटीचं सांगितलं नव्हतं त्यांनी. मला वाटलं, आता साहेबाला उघडं पाडलं, तर मत कोण देणार? बिल्लं वाचावं म्हणून वर बघितलं, कला. साहेब शब्द पाळणारा हाय, असं वाटलं."

"मत झालं होतं, गेनूभाऊ. महिनाभर होत होतं. तुमच्या पायांनी होत होतं, माझ्या पायांनी होत होतं. आपण जेवढं चाललो तेवढे आपण नको झालो."

ते वाकले, चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि कुंपणाच्या कडेनं गावाकडं चालू लागले. अनवाणी. पितांबर मागून ओरडला, "गेनूभाऊ, घड्याळ नाय आता! कुणाच्या खात्यावर चालताय?" तो विनोद होता. कुणी हसलं नाही, पितांबरसुद्धा नाही. नारळ तिथंच ठेवून तो गेला.

तुमच्या त्या गाड्या पुढच्या पावसाळ्यात शेडमध्ये गंजल्या. ढकलणार कोण होतं? तुम्ही बॅटरीच्या आणखी गाड्या घेतल्या. आमच्या शेडमध्ये आता त्या चार्जिंगला लागतात. मी खुरपं धरलं. मग एका रोपवाटिकेत कामाला लागले. सातवीनंतर सुटलेलं वाचन तिथं रद्दीच्या कागदांवर परत सुरू केलं, आणि मग हे असलं लिहायला लागले. गेनूभाऊंना कुंपणाच्या आत परत घेतलं नाही कुणी. दोनदा वॉचमनकडं विनवणी केली, म्हसोबापुरतं सोडा म्हणून. वॉचमन म्हणाला, "सभासद हाय का?" मरायच्या आदल्या वर्षी ते मला म्हणाले, "कला, त्या दिवशी खाली बघायला पायजे होतं." एवढंच. त्यांचा राग मला कधीच आला नाही. माझा राग पत्त्यासकट दुसरीकडं आहे.

परवा मी रोपांची गाडी घेऊन तुमच्या दारात आले होते. गडी पितळी पाटी पुसत होता, चिंच लावून. लख्ख झाली होती. वाचली. 'स्वावलंबन. स्वतःची गाडी स्वतः ढकलत या मैदानावर सर्वाधिक चाललेले सभासद', आणि खाली भडकमकर साहेबांचं नाव. रोपं सातव्या होलाशी लावायची होती. वॉचमननं बिल्ल्याशिवाय आत सोडलं, कारण यावेळी मी माल होते. काम झाल्यावर ओढ्यात उतरले. चढण चढले. बाभळ अजून आहे. तिच्याखाली एक करडा दगड आहे, पक्ष्यांनी घाण केलेला. शेंदराचा ठिपकासुद्धा नाही. वाट गवतानं गिळलीय.

मी हातानं दगड पुसला. माझ्याकडं शेंदूर नव्हता.

आता तुम्ही सांगा. तुम्ही अजून त्या सभागृहात पहिल्या रांगेत बसता, मला माहीत आहे. भडकमकर साहेब अजून रविवारी खेळायला येतात, तेही माहीत आहे. इतके भाविक साहेब, रोज ओढा ओलांडणारे, तुम्ही टाळ्या वाजवून घेतलेले. मैदान तेच, ओढा तोच, साहेब तेच. बंद झाले ते फक्त आम्ही. मग ज्या दिवशी आम्हाला बाहेर काढलंत, त्या दिवसापासून म्हसोबाचा शेंदूर का उतरला?

वर बघू नका. माझ्याकडं बघा, आणि नाव घेऊन सांगा. तिथवर कोण चालत होतं?